"पुरुषांना असंच आवडतं, सायन्स आहे" असं कोणी म्हणालं तर ते कसं तपासायचं

आमच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक रील येतंच, की पुरुष तरुण आणि सुंदर बाईच निवडतात, उत्क्रांतीनेच तसं घडवलंय, त्याला कोण काय करणार. लगेच दोन पार्ट्या पडतात. मी पण आधी तावातावाने भांडायचो, आता आधी दावा उलटापालटा करून बघतो.

सुरुवात मूळ थिअरीपासून करा, कारण रीलवाल्याने ती बहुतेक अर्धीच ऐकलेली असते. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये मांडलं की पिल्लामागे ज्याला जास्त खपावं लागतं तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ असतो. बाईला नऊ महिने पोटात वाढवायचं, मग अंगावर पाजायचं, पुरुषाचं कमीत कमी काम म्हणाल तर काही मिनिटांचं. इथपर्यंत सगळे ऐकतात आणि उठून जातात. पण माणसाचं पोर वर्षानुवर्षं दुसऱ्यावर अवलंबून असतं आणि कितीतरी बाप त्याच्यासाठी राबतात, म्हणजे त्याच थिअरीनुसार कायमच्या नात्यासाठी पुरुषही चोखंदळच निघायला हवा ना? त्यामुळे पहिला प्रश्न हा, की बोलणं चार दिवसांच्या नात्याबद्दल चाललंय की कायमच्या.

मग फरक किती मोठा आहे ते बघा. ज्याचं नाव सगळे घेतात तो मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांचा 1989 चा अभ्यास, 33 देश, 37 गट, दहा हजारांवर लोक. बायकांनी रूपाला जितके मार्क दिले त्यापेक्षा पुरुषांनी जास्त दिले आणि जोडीदार स्वतःपेक्षा लहान हवी म्हणाले, हे खरंच आहे. पण किती लहान, तर सरासरी 2.66 वर्षं! आणि त्याच अभ्यासात स्वभावाने प्रेमळ आणि हुशार असणं हे पुरुष आणि बायका दोघांच्याही यादीत रूपाच्या आणि कमाईच्या वर होतं, ते मात्र कुठल्या रीलमध्ये मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, लोकांना विचारलंय की त्यांना निवडताना बघितलंय? ईस्टविक आणि फिंकेल यांनी 2008 मध्ये स्पीड डेटिंगमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांच्या एकामागून एक छोट्या भेटींमध्ये, हे तपासलं. आधी विचारल्यावर पुरुष म्हणाले रूप, बायका म्हणाल्या कमाई, आणि समोरासमोर बसल्यावर कोण कोणावर भाळतं ते बघितलं तर हा स्त्री-पुरुष फरक जवळपास दिसेनासाच झाला.

आता तो प्रसिद्ध 0.7 आकडा. कंबर 70 सेंटीमीटर आणि नितंब 100, भागाकार 0.7, झालं. देवेंद्र सिंग यांनी 1993 मध्ये बायकांची रेखाचित्रं दाखवून म्हटलं की पुरुषांना हा बांधा सगळ्यात आकर्षक वाटतो. पण रेखाचित्रात कंबर बारीक केली की बाई एकूणच बारीक दिसायला लागते, मग आवडलं नक्की काय, भागाकार की वजन? शिवाय 1998 मध्ये यू आणि शेपर्ड हे पेरूमधल्या मात्सिगेंका लोकांकडे गेले, तर बाहेरच्या जगापासून लांब राहणाऱ्या पुरुषांनी जाड कंबरेची चित्रं निवडली, बारीक कंबरेच्या बायका त्यांना आजारी वाटल्या. म्हणून आकडा दिसला की कुठल्या लोकांकडून आणि काय दाखवून काढलाय ते विचारा.

उत्क्रांतीशिवाय दुसरं काही कारण, म्हणजे समाजातलं स्त्री-पुरुषांचं स्थान, असू शकतं का हेही बघायचं. ईगली आणि वूड यांनी 1999 मध्ये बसचाच डेटा परत तपासला, तर जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे वयाच्या आणि कमाईच्या आवडीतला फरक कमी निघाला, रूपाच्या बाबतीत मात्र असं स्पष्ट दिसलं नाही. म्हणजे कोणीच पूर्ण जिंकलं नाही, आणि हे ग्रुपवर दोन्ही पार्ट्यांना पटत नाही.

इतकं सगळं टाईप करायचा कंटाळा आला तर मी रीलखाली फक्त "विचारून की बघून?" एवढंच टाकतो. मागच्या वेळी त्यावर एक अंगठा आला होता.