हायपोथॅलॅमस शिकताना: पेन्सिलीच्या दोन रेषा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत मला विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: ताप चढत असताना रोग्याला थंडी का वाजते? मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग उष्णता बाहेर टाकतो आणि मागचा भाग ती राखतो, हा तक्ता मला तोंडपाठ होता, म्हणून मी तोच म्हणून दाखवला. परीक्षकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "अंगात १०२ ताप असताना रोगी दुसरी गोधडी मागतो, ते कशामुळे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा त्यांनी कागदावर पेन्सिलीने दोन रेषा काढल्या, एक तुटक आणि एक अखंड. जे सांगायचे आहे ते सगळे त्या दोन रेषांत आहे.

तुटक रेषा म्हणजे हायपोथॅलॅमसने ठरवलेले तापमान आणि अखंड रेषा म्हणजे शरीराचे प्रत्यक्ष तापमान. एरवी दोन्ही ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास एकमेकींना धरून चालतात. जंतुसंसर्ग झाला की शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रसायनामुळे तुटक रेषा, समजा, ३९ वर जाते. शरीर मात्र अजून ३७ वरच असते. हायपोथॅलॅमसच्या हिशेबाने शरीर दोन अंश गार पडलेले असते, म्हणून त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि माणूस पांघरूण ओढून घेतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे तुटक रेषा खाली येते. आता शरीर जास्त गरम ठरते आणि दरदरून घाम फुटतो. थंडी आणि घाम ठरतात ते निव्वळ तापमानावरून नव्हे, तर या दोन रेषांमधल्या अंतरावरून, आणि हे अंतर कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

एवढे कळूनही मी पुन्हा चुकलो. विदर्भातल्या मे महिन्यात, इंटर्नशिपच्या काळात, बांधकामावरचा एक मजूर बेशुद्धावस्थेत आला. त्वचा कोरडी, हाताला चटका बसेल इतकी तापलेली, तापमान ४१ च्या वर. मी पॅरासिटामॉलची बाटली लावायला निघालो, आणि तेवढ्यात अनुभवी सिस्टरने त्याच्या काखेत व जांघेत बर्फ ठेवून, अंगावर पाणी शिंपडून पंखा सुरूही केला होता. उष्माघातात तुटक रेषा हललेलीच नसते, ती ३७ वरच असते. वर गेलेली असते ती फक्त अखंड रेषा. खाली आणायला तुटक रेषा वर गेलेलीच नसेल, तर पॅरासिटामॉल करणार काय? तिथे शरीर ताबडतोब थंड करणे हाच उपचार आहे. ही गफलत वॉर्डात जिवावर बेतू शकते, हे मी अतिशय गांभीर्याने सांगतो आहे.

सिनियरच्या नोट्स आणि आद्याक्षरांच्या युक्त्या यांबद्दल माझे मत कठोर आहे. त्या हायपोथॅलॅमसमधल्या केंद्रकांची, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांची, नावे लक्षात ठेवायला उपयोगी पडतात, पण त्या नावांनाच ज्ञान समजण्याची सवयही लावतात. जे शिक्षक विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल देतात, त्यांच्या मागे लागा, मग ते कितीही रागीट असोत.

उरलेला भाग मात्र वाटतो तितका अवघड नाही, त्याची धास्ती घेऊ नका. एडीएच, म्हणजे मूत्रपिंडांना पाणी राखायला लावणारे हार्मोन, सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकांत तयार होते आणि पश्च पिट्युटरीतून (हायपोथॅलॅमसखाली देठाने लटकणाऱ्या ग्रंथीच्या मागच्या भागातून) फक्त सोडले जाते. एवढे पक्के असले की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. अग्र, म्हणजे पुढच्या, पिट्युटरीकडे आदेश जातात ते दोघांना जोडणाऱ्या पोर्टल रक्तवाहिन्यांमधून. ते आदेश देणारे रेणू शोधण्यासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांचे व डुकरांचे लाखो हायपोथॅलॅमस गोळा केले, आणि १९७७ च्या नोबेल पुरस्कारात दोघांचा वाटा होता. बहुतेक आदेश "स्रवा" असे असतात, पण प्रोलॅक्टिनच्या (दूध तयार करवणाऱ्या हार्मोनच्या) बाबतीत हायपोथॅलॅमसकडून येणाऱ्या डोपामिनचा लगाम सतत ओढलेला असतो. म्हणून पिट्युटरीचा देठ दबला की बाकीची हार्मोन्स घटतात आणि प्रोलॅक्टिन मात्र वाढते.

तहानेसाठीही तीच आकृती काढून पाहा: तुटक रेषेच्या जागी रक्ताच्या ऑस्मोलॅलिटीची, म्हणजे विरघळलेल्या कणांच्या दाटपणाची, ठरलेली पातळी, साधारण २८५ ते २९५; अखंड रेषेच्या जागी प्रत्यक्ष ऑस्मोलॅलिटी. ती एक-दोन टक्क्यांनी जरी वर सरकली, तरी एडीएच वाढते. हे पुस्तक मिटून, स्वतःच्या हाताने काढता आले, तर तोंडी परीक्षेला निर्धास्त जा.