अग्निशमन दलाचं काम मोजताना या चुका टाळा

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर एप्रिलात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, श्रद्धांजली वाहिली जाते, कवायती होतात. दलाचं रोजचं काम कसं चाललंय, हे तितक्या बारकाईनं कुणी बघत नाही. आणि नगरसेवक, पत्रकार, वॉर्डातले नागरिक गट बघायला बसतात, तेव्हा आकडे हातात असूनही वाचन चुकतं. माझ्या मते मोजणी अडकलेल्या माणसाच्या जागी उभं राहून व्हायला हवी. आपण ती गाडीच्या टपावरून करतो.

घड्याळ भलतीकडेच सुरू होतं

‘गाडी आठ मिनिटांत पोहोचली’ असं कुणी सांगितलं की आधी विचारा, कधीपासून आठ? १०१ वर फोन उचलला तेव्हापासून, केंद्राला वर्दी (आगीची खबर) मिळाली तेव्हापासून, की गाडी केंद्राबाहेर पडली तेव्हापासून? तिन्ही उत्तरं वेगळी येतात. फोन करणारा घाबरलेला असतो, ‘नाक्यावरची बिल्डिंग’ एवढंच सांगतो. एका वस्तीत एकाच नावाच्या दोन सोसायट्या निघतात. पत्ता कळेपर्यंत गेलेला वेळ हिशेबात धरलाच नाही, तर नियंत्रण कक्षाची अडचण कधी कुणाला दिसणार?

घड्याळ थांबतं कुठे, हे तर आणखी फसवं. गेटवर पोहोचणं म्हणजे आगीपाशी पोहोचणं नव्हे. बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट पेटला असेल, तर आधी आवारात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या हटवायच्या. फायर लिफ्ट चालते का बघायचं. होज (पाण्याचा लवचीक पाइप) आणि श्वसनसंच घेऊन आगीच्या खालच्या मजल्यावर उतरायचं, तिथल्या हायड्रंटला (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला) होज जोडायचा आणि जिन्यानं वर चढायचं. अहवालातलं घड्याळ तोवर केव्हाच थांबलेलं असतं. वर खिडकीत उभ्या असलेल्या बाईचं थांबलेलं नसतं.

यावर उपाय सोपा आहे. पाच टप्प्यांच्या वेळा वेगवेगळ्या मागा: फोन उचलला, वर्दी दिली, गाडी निघाली, गेटवर पोहोचली, आगीवर पाणी पडलं. उशीर कोणत्या टप्प्यात झाला ते कळलं की इलाज कुठे करायचा तेही कळतं. निघायला उशीर होत असेल तर केंद्रात बघा. रस्त्यात होत असेल तर जवळ छोटं केंद्र हवं. गेटनंतर होत असेल, तर बहुतेक वेळा दोष सोसायटीकडे असतो.

सरासरीवर समाधान

समजा, दहा वर्दींपैकी नऊ ठिकाणी सहा मिनिटं लागली आणि एका ठिकाणी २६. सरासरी आठ येते आणि कागद छान दिसतो. ते २६ मिनिटं वाट बघणारं घर मात्र त्यात दिसतच नाही. म्हणून ‘दर दहापैकी नऊ वर्दींना किती वेळाच्या आत’ असं विचारा आणि उरलेली एक वेगळी काढून वाचा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं १७१० हे मानक असंच मोजतं: आगीच्या वर्दीला तयार होऊन निघायला ८० सेकंद, पहिल्या गाडीच्या प्रवासाला २४० सेकंद, ९० टक्के वेळा. तिथले सेकंद मुंबईच्या रस्त्यांवर लादू नका, मोजायची रीत तेवढी घ्या.

शिवाय झाडात मांज्यात अडकलेला पक्षी, पावसात कोसळलेलं झाड आणि पेटलेलं घर एकाच बेरजेत टाकू नका. फोर्टची तुलना मानखुर्दशी करण्यातही अर्थ नाही. प्रत्येक केंद्र त्याच्याच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा.

श्रेणी वाढवली म्हणजे दल कमी पडलं?

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. ‘आग क्रमांक तीनची घोषित’, म्हणजे आगीची श्रेणी तीनवर नेली, अशी बातमी आली की आपण म्हणतो, हाताबाहेर गेली. खरं तर श्रेणी वाढवणं म्हणजे जास्त गाड्या, जास्त माणसं, वरचे अधिकारी मागवणं. ते वेळेत मागवणारा अधिकारी शहाणा असतो. आढाव्यात त्यालाच ‘श्रेणी का वाढवली’ म्हणून झापलं, तर पुढच्या खेपेला तो हात आखडता घेईल, आणि त्या दहा मिनिटांत आग शेजारच्या घरात जाईल.

‘किती तासांत विझवली’ हाही असाच कच्चा मापदंड आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग दोन दिवसांहून जास्त चालली. धुरानं भरलेला बंदिस्त मॉल आणि एक खोली, दोन्हींना एकच घड्याळ लावून कसं चालेल? दल पोहोचलं तेव्हा आग कुठवर होती आणि थांबवली तेव्हा कुठवर, हे नोंदवा. लोक किती बाहेर काढले, कोणत्या मजल्यावरून, तेही लिहा.

‘शॉर्टसर्किट’ लिहून मोकळं होणं

आगीनं वायरचं आवरण जळलं की तिथेही शॉर्टसर्किट होतंच. म्हणजे ते कधी कारण असतं, कधी परिणाम. कुठली वायर, कुठल्या उपकरणाची, त्यावर भार किती होता, हे लिहिलेलं नसेल तर वर्षअखेरची कारणांची टक्केवारी मांडून काही हाती लागत नाही.

नोटिसा मोजणं

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. अशी आग लागली की तपासणीचा धडाका सुरू होतो आणि ‘इतक्या नोटिसा बजावल्या’ हे यश म्हणून सांगितलं जातं. नोटीस ही सुरुवात आहे. पुन्हा जाऊन बघितलं का आणि दुरुस्ती झाली का, तो आकडा मागा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचं असतं. कागद येतो, पण तुमच्या जिन्यातली लाल पेटी उघडून बघा. काचेमागे होजची गुंडाळी असते, पितळी नोझल (होजचं पाणी फेकणारं तोंड) गायब असतं. पंपरूममधल्या पॅनलचा खटका ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर असतो, म्हणजे वर व्हॉल्व्ह उघडला तरी खाली कुणी बटण दाबेपर्यंत पंप सुरू होणार नाही. सर्वात वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडून दाब मोजायला सांगा. उंच इमारतीत तो साधारण ३.५ बार तरी मिळायला हवा.

जवानांना वगळून आढावा

९ मे २०१५ ला काळबादेवीत पेटलेली इमारत कोसळली. तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. तरी आढाव्यात मालमत्तेचं नुकसान असतं, नागरिक जखमी असतात. जवान किती भाजले, किती जणांना धूर लागला, श्वसनसंचातली हवा कुठे संपत आली होती, हे क्वचितच विचारलं जातं. थोडक्यात टळलेला प्रसंग नोंदवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे आधी लेखी द्या, नाहीतर कुणी सांगणार नाही. आणि बैठकीला त्या रात्री नोझल धरून आत गेलेल्या जवानाला बोलवा. त्याला वरिष्ठांच्या आधी बोलू द्या.