निघायचे कधी, हे आधीच ठरवा: वादळ, वीज आणि पुराला तोंड कसे द्यावे

वादळाचा इशारा मिळूनही माणसे अडकतात, तेव्हा बातमी पोहोचली नाही असे क्वचितच असते. "अजून थोडे पाहू" या एका वाक्याने घात झालेला असतो. पाणी पायरीला लागले की निघू म्हणणारा, पायरीला लागल्यावर म्हणतो उंबऱ्याला लागू दे. उंबऱ्याला लागते तोवर बाहेरचा रस्ता गेलेला असतो.

वेळेवर निघण्याने किती फरक पडतो, याचे ओडिशाइतके स्पष्ट उदाहरण कमी सापडेल. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसे गेली. १४ वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले. तेव्हा लाखो लोकांना आधीच निवाऱ्यात हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभरीपर्यंतही गेला नाही. समुद्र तोच होता, वाराही जबरदस्त होता. माणसे वेळेवर जागेवरून हलली होती.

म्हणून खाली जे सांगितले आहे ते आभाळ मोकळे असताना वाचा आणि त्याच आठवड्यात करा.

१. तुमच्या घरावर काय येऊ शकते, ते आधी ओळखा

वारा आणि पाणी या दोन संकटांना उलट उत्तरे आहेत. वाऱ्यापासून वाचायला खाली आणि आत जायचे: सगळ्यात खालचा मजला, घराच्या मधली, खिडक्या नसलेली खोली. पाण्यापासून वाचायला वर आणि बाहेर जायचे. चक्रीवादळात दोन्ही एकदम येतात, म्हणून समुद्राजवळच्या किंवा नदीकाठच्या सखल घरात "इथेच दडून बसू" हा बेत चालत नाही. चक्रीवादळात वाऱ्यापेक्षा पाण्यानेच जास्त बळी घेतले आहेत. अशा घरात राहणाऱ्यांनी वारा सुटण्याच्या आतच उंच जागी पोहोचले पाहिजे.

घर पक्के आहे की पत्र्याचे, डोंगराच्या पायथ्याशी आहे की ओढ्याच्या वळणावर, शेजारचे झाड कोणत्या बाजूला कलले आहे, हे नीट पाहा. जुन्या लोकांना विचारा की पाणी आजवर कुठपर्यंत आले होते. मात्र "आमच्याकडे कधी आले नाही" हे उत्तर मिळाले तर त्यावर निर्धास्त होऊ नका. वरच्या अंगाला बांधकामे झाली, नाले बुजले, की पाण्याच्या वाटा बदलतात.

२. निघण्याची खूण ठरवा आणि लिहून ठेवा

हे या लेखातले सगळ्यात महत्त्वाचे काम आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी बसून एक खूण ठरवायची. उदाहरणार्थ, हवामान खात्याने सर्वांत वरच्या पातळीचा इशारा दिला की निघायचे, किंवा पाणी पुलाजवळच्या अमुक खांबाच्या तळाला लागले की निघायचे. खूण अशी हवी की ती दिसली तेव्हा हातात अजून भरपूर वेळ असेल. ती दिसल्यावर चर्चा नाही, पुन्हा मतदान नाही. प्रशासनाने त्याआधीच निघायला सांगितले तर आपली खूण बाजूला ठेवून निघायचे.

त्याच कागदावर पुढच्या गोष्टी येऊ द्या. जायचे कुठे? तिथे जायचे दोन रस्ते, त्यातला निदान एक तरी पूल किंवा भुयारी मार्ग टाळून जाणारा. आजी-आजोबांना कोण घेणार, लहानांना कोण, जनावरांना मोकळे कोण करणार? माणसे वेगवेगळ्या ठिकाणी असताना संकट आले तर सगळ्यांनी दूरच्या गावातल्या एकाच नातेवाइकाला कळवायचे, म्हणजे कोण कुठे आहे ते एका ठिकाणी समजते. नेटवर्कवर ताण असला की कॉल लागत नाहीत, पण साधा एसएमएस पुष्कळदा जातो.

शेजारी एकटी राहणारी म्हातारी माणसे, चालता न येणारा कुणी, गरोदर बाई असेल तर त्यांचे नावही या कागदावर हवे. आपण निघताना त्यांच्या दारावर थाप मारायची जबाबदारी घरातल्या एकावर सोपवून ठेवा.

३. पिशवी भरा

पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर, निदान तीन दिवसांचे. न शिजवता खाता येईल असा कोरडा खाऊ. रोजची औषधे आठवड्याभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चष्म्याची जादा जोडी, बाळाचे सामान, सॅनिटरी पॅड, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य, सुटे पैसे, भरलेली पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ. कागदपत्रे घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये. एवढे पुरे.

टॉर्चबद्दल मात्र थोडे थांबून सांगते. कपाटात वर्षभर पडून राहिलेली टॉर्च उघडून पाहा. सेल आतच गळतात, स्प्रिंगवर पांढरट पूड जमते आणि ऐन अंधारात बटण कितीही दाबले तरी उजेड पडत नाही. म्हणून सेल बाहेर काढून, वेगळ्या छोट्या पिशवीत गुंडाळून, टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवा. आणि डोळे मिटून ते बसवून पाहा, कारण तुम्हाला ते अंधारातच बसवायचे आहेत. मेणबत्तीपेक्षा टॉर्च केव्हाही बरी. वाऱ्यात, गॅस गळत असण्याची शक्यता असताना उघडी ज्योत नको.

४. घर आवळून घ्या

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात जागचे न हललेले पत्रे १०० च्या वाऱ्यात उडतात, ते याचमुळे. त्यामुळे पत्र्यांचे हुक, पाण्याच्या टाकीची झाकणे, गच्चीवरच्या कुंड्या, खुर्च्या, सायकली, जाहिरातीचे फलक हे सगळे आधीच बांधा किंवा आत घ्या. उडालेली कुंडी दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. झाडाच्या वाळक्या फांद्या पावसाळ्याआधीच काढून टाका, इशारा आल्यावर झाडावर चढू नका.

खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत सोडून द्या. त्याने काच मजबूत होत नाही, उलट फुटल्यावर मोठे, धारदार तुकडे एकत्र उडू शकतात. जाड प्लायवूड किंवा झडपा लावता आल्या तर उत्तम, नाहीतर पडदे ओढून काचेपासून लांब बसा. "दाब कमी व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा" असेही सांगितले जाते. ते चुकीचे आहे. वारा आत शिरला की छताला खालून ढकलतो. सगळी दारे-खिडक्या बंद हव्यात.

पाणी शिरण्याची शक्यता असेल तर ते यायच्या आत, हात आणि पाय कोरडे असताना मेन स्विच बंद करा, गॅसचा रेग्युलेटरही बंद करा. पाणी बोर्डापर्यंत आले असेल, किंवा पाण्यात उभे राहून हात लावावा लागणार असेल, तर स्विचच्या नादी लागू नका.

५. वीज कडाडू लागली की

गडगडाट ऐकू आला, याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. पाऊस पडतो आहे की नाही, ढग डोक्यावर आहेत की दूर, याने फरक पडत नाही. पावसाच्या पट्ट्यापासून १५ किलोमीटर आणि कधी त्याहूनही लांब वीज कोसळलेली आहे. लखलखाट आणि आवाज यांतले सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पण हे गणित बाहेर थांबण्याची परवानगी म्हणून वापरू नका. आवाज आला की आत चला. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडू नका. पाऊस ओसरल्याबरोबर शेतात, मैदानावर परतणारे पुष्कळजण या अर्ध्या तासातच सापडतात.

आत म्हणजे भिंती, छत, वायरिंग आणि नळ असलेले पक्के घर. नुसते छप्पर असलेला थांबा किंवा मंडप म्हणजे आसरा नव्हे. धातूचे छत असलेली बंद मोटार चालते. तिच्यात टायरमुळे वाचतो असे अनेकांना वाटते, पण खरे तर वीज धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. म्हणूनच मोटारसायकल, सायकल किंवा उघडा ट्रॅक्टर अजिबात उपयोगाचे नाहीत, टायर असले तरी. घरात असताना आंघोळ, भांडी घासणे थांबवा, चार्जरला लावलेला फोन वापरू नका, खिडकीशी उभे राहू नका. चार्जरवर नसलेला मोबाइल वापरायला हरकत नाही.

झाडाखाली उभे राहणे का वाईट? वीज झाडावर पडली की खोडावरून उतरताना शेजारच्या माणसाकडे उडी घेते, आणि उरलेली मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते. जमिनीतून पसरणारा हा प्रवाह किती घातक असतो ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर दिसले: वादळात एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या कळपातली ३२३ रेनडिअर एका वेळी मेली. म्हणून उघड्यावर अडकलात तर एकत्र घोळका करू नका, एकमेकांपासून निदान ६ मीटर अंतर ठेवा. टेकडीचा माथा, एकटे झाड, तारेचे कुंपण आणि पाणी सोडा. आडवे झोपू नका. जमिनीवर बसकण मारून राहिल्यानेही संरक्षण मिळत नाही. पक्क्या आसऱ्याकडे चालत राहणे हाच उपाय.

कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. हृदय थांबलेले असू शकते, पण ताबडतोब छाती दाबून पुनरुज्जीवन सुरू केले तर माणूस परत येऊ शकतो. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. एकाहून अधिक जण पडले असतील तर कण्हणाऱ्यांना थोडा वेळ थांबू द्या, जो निपचित आहे त्याच्याकडे आधी जा. इतर अपघातांत करतो त्याच्या हे उलटे आहे, पण विजेच्या बाबतीत हेच बरोबर.

६. वाहत्या पाण्यात पाऊल नको

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुलावरून वाहणाऱ्या पाण्यापुढे गाडी थांबवून "जाईल की" म्हणणाऱ्यांची. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते आणि ते धावत असते. घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाला खाली पाडू शकते. ३० सेंटिमीटरमध्ये छोटी मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही. पुढची गाडी पार झाली, हा पुरावा नाही. मागे फिरा. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

गाडी पाण्यात गेलीच तर पहिल्या मिनिटातच हालचाल हवी. पट्टा सोडा, खिडकी खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडण्यात ताकद घालवू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. फोन करण्यात वेळ घालवू नका.

घरात पाणी चढत असेल तर वर जा, पण बाहेर निघायला वाट नसलेल्या पोटमाळ्यावर नको. गच्ची किंवा छप्पर गाठा आणि शिट्टी, टॉर्च, भडक रंगाचे कापड वापरा.

७. वारा अचानक पडला तर

चक्रीवादळाच्या मध्यावर शांत भाग असतो. तो डोक्यावर आला की वारा पडतो, कधी आभाळही उघडते, आणि माणसे नुकसान पाहायला बाहेर येतात. काही वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोरदार वारा सुटतो. "वादळ गेले" हे अधिकृतपणे रेडिओवर किंवा फोनवर ऐकेपर्यंत आतच राहा.

८. सरल्यावर

पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर लांब राहा, ती मेली आहे असे कधीच धरू नका. जवळ गेल्याचे उशिरा लक्षात आले तर मोठी पावले टाकू नका. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, घासत मागे या.

जनरेटर घरात, जिन्यात किंवा खिडकीजवळ लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. जनरेटर घरापासून ६ मीटर तरी लांब, मोकळ्या हवेत हवा. शेगडीतला कोळसाही बंद खोलीत पेटवू नका.

वीज गेलेली असताना न उघडलेल्या फ्रिजमधले अन्न साधारण ४ तास टिकते, गच्च भरलेल्या फ्रीझरमधले ४८ तास. शंका आली तर चव घेऊन पाहू नका, टाकून द्या. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, मगच प्या. पुराचा चिखल साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला. त्यात मैलापाणी, काचा आणि कधी सापही असतात. साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो काढून ठेवा, विम्याच्या दाव्याला लागतात. भिजलेल्या गाद्या आणि पुठ्ठे लगेच बाहेर काढा, २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच सुरू करू नका, भिंती वरून कोरड्या दिसत असल्या तरीही.