वर्डप्रेसच्या यादीवर 'अ ते ज्ञ' लावायचंय? प्लगइन कशाला!

मावशीच्या वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या रेसिपीच्या साइटवर सव्वाशे पदार्थ झाले आणि सगळे आपले तारखेनुसार, म्हणजे अळूवडी शोधायची तर पान उलटत बसा. प्लगइन (वरून जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर) शोधायला गेलो आणि कळलं की वर्डप्रेसला हे आधीपासूनच येतं, फक्त पानाच्या पत्त्यातून (यूआरएल) सांगावं लागतं.

आधी करून बघा. कुठल्याही कॅटेगरीचं पान उघडा, वरच्या पत्त्याच्या शेवटी ?ऑर्डरबाय=टायटल&ऑर्डर=एएससी असं जोडा (हे सगळं इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नको) आणि एंटर मारा. यादी नावानुसार लागली? झालं काम. पत्त्यात आधीच एक प्रश्नचिन्ह असेल तर दुसरं टाकू नका, तिथे & वापरा, मी यातच अर्धा तास घालवला.

आता हाच पत्ता कॉपी करून वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये अपिअरन्स, मेनूज, कस्टम लिंक्स मध्ये टाका आणि लिंकला 'नावानुसार' म्हणा. 'जुने आधी' साठी टायटलच्या जागी डेट. जास्त कमेंटवाले वर हवे तर कमेंट आणि काउंट मध्ये अंडरस्कोर देऊन लिहा आणि एएससी (चढता क्रम) ऐवजी डीईएससी (उतरता). नवीन ब्लॉक थीममध्ये मेनूज दिसणार नाही, तिथे साइट एडिटरमधून लिंका टाका, पण क्वेरी लूप (पोस्टची यादी दाखवणारा ब्लॉक) 'डिफॉल्ट'वर पाहिजे, कस्टमवर असेल तर तो पत्त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ब्लॉगच्या मुख्य यादीवर हेच केलंत तर स्टिकी पोस्ट (मुद्दाम वर चिकटवलेल्या पोस्ट) तरीही डोक्यावरच बसतात, म्हणून मी कॅटेगरीच्या पानावरच लिंका दिल्या.

आणि मराठीची खरी गंमत पुढेच आहे. आपल्या शब्दकोशात ळ, क्ष, ज्ञ शेवटी, पण डेटाबेस (जिथे साइटच्या पोस्ट साठवलेल्या असतात) युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीच्या, क्रमाने लावतो, त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो आणि क्ष म्हणजे त्याच्या लेखी क ला हलन्त लावून पुढे ष, म्हणजे तो जातो क च्या घोळक्यात, ज्ञ तसाच ज मध्ये. आकड्यांचंही तेच, '10 मिनिटांत पोहे' हे '2 मिनिटांत चटणी' च्या आधी येतं कारण तो पहिलं अक्षर बघतो, किंमत नाही. मी शीर्षकातले आकडेच काढून टाकले. मावशीला 'ज्ञ शेवटी का नाही' हे समजावणं अजून बाकी आहे.