परदेशातल्या परिषदेला जाताय? सत्राच्या वेळेपासून मागे मोजत या

सहलीत एक दिवस वाया गेला तर एखादं संग्रहालय बघायचं राहतं, इतकंच. परिषदेत मंगळवारी सकाळी साडेदहाचं तुमचं सत्र हुकलं, तर सगळा खटाटोप पाण्यात. म्हणून तयारीची सुरुवात तिकिटापासून करू नका. कागदाच्या तळाशी सत्राची तारीख-वेळ लिहा आणि तिथून एकेक पायरी मागे मोजत वर या. सगळ्यात वर काय येईल ते आत्ताच सांगतो : पासपोर्ट आणि व्हिसा.

आधी पासपोर्टची मुदत बघा. बरेच देश सहा महिन्यांची वैधता मागतात. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम थोडा वेगळा आहे : तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट.

मग आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा. ते आलं की खूश होऊन फाइलला लावू नका, नीट वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न् अक्षर जुळणारं हवं. परिषदेच्या तारखा, ठिकाण आणि खर्च कोण करणार हेही त्यात असावं. ‘खर्च आयोजक करतील’ असं पत्रात आणि ‘स्वखर्चाने’ असं अर्जात, ही विसंगती नेमकी तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. त्यातून अर्ज देण्याची वेळच उशिराची मिळते, आणि तोवर पासपोर्ट अडकलेला. तीन महिने हातात ठेवा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमाही लागतो. अमेरिकेत परिषदेसाठी बी-१ प्रकार येतो, ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटर. भाषणाचं मानधन मिळणार असेल तर ते या व्हिसावर घेता येतं का, हे अर्जाआधीच विचारून घ्या. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांनीही गाफील राहू नये : अमेरिकेसाठी एस्टा आणि ब्रिटनसाठी ईटीए ही ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. विमान मध्येच बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा. ही गोष्ट हमखास राहून जाते.

आता तिकीट. सत्राच्या आदल्या दिवशी सकाळी पोचणं ही कमीत कमी मर्यादा माना. शरीर नव्या वेळेशी जुळवून घेतं ते ढोबळमानाने दिवसाला एक तास या हिशेबाने, आणि पूर्वेकडे जाताना ते जास्त जड जातं. पाच-सहा तासांचा फरक असेल तर दोन दिवस आधी पोचा. सगळी उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात खरी, पण मग दुसरं विमान चुकलं तर तुमचं तुम्ही बघा.

राहण्याचं बुकिंग परिषदेच्या अधिकृत पानावरूनच करा. ‘आम्ही परिषदेच्या निवास विभागातून बोलतोय, खोल्या संपत आल्यात’ असा फोन आला तर कार्डाचा नंबर देऊ नका. वक्त्यांची यादी जाहीर असते, हे फोन तिथूनच सुरू होतात.

बॅग भरताना एकच नियम : सत्राला लागणारं सगळं हातातल्या सामानात. लॅपटॉप, चार्जर, प्रोजेक्टरचा अडॅप्टर, औषधं आणि एक बरा पोशाख. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही. तिची मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर होतात, म्हणजे चिंता नाही. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. केस वाळवायच्या यंत्रावर बहुधा तसं नसतं, ते घरीच ठेवा.

संशोधन मांडणारं पोस्टर लावायचं असेल तर ते कापडावर छापा. घडी घालून बॅगेत जातं. हे शहाणपण मला उशिरा सुचलं. कागदी पोस्टरची नळी मी एकदा विमानातल्या वरच्या कप्प्यात विसरलो आणि रात्री हॉटेलच्या प्रिंटरवर ए-४ चे सोळा कागद छापून, जमिनीवर बसून चिकटपट्टीने ए-० पोस्टर जोडलं. दुसऱ्या दिवशी लोक संशोधनाऐवजी त्या जोडकामाबद्दलच विचारत होते.

चेक-इन बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार (विमान प्रवासातल्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) बॅग मोडली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘कशासाठी आलात?’ याचं उत्तर ‘परिषदेसाठी’. ‘कामासाठी’ म्हणू नका, त्या शब्दाचा तिथला अर्थ नोकरी असा होतो. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापलेला हातात ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तिथे दगा देते.

कार्डाचं यंत्र ‘तुमच्या चलनात की इथल्या चलनात?’ असं विचारतं. इथल्या चलनात म्हणा, दुसऱ्या पर्यायात दर बहुधा महाग लावलेला असतो. विद्यापीठातून आला असाल तर एड्युरोम या विद्यापीठांच्या सामाईक वायफायची जोडणी घरीच करून ठेवा, पुष्कळ देशांतल्या विद्यापीठांत ते वायफाय आपोआप चालू होतं. युरोपीय संघात कुठेही आणीबाणीचा क्रमांक ११२.

बिल्ला शक्यतो आदल्या संध्याकाळी घ्या, पहिल्या सकाळची रांग फार लांब असते. सभागृहाबाहेर पडताना तो गळ्यातून काढा, नाहीतर रस्त्यावर सगळ्यांना कळतं की हा पाहुणा नवखा आहे आणि याचं नाव काय. स्लाइड्स पेन ड्राइव्हवर मूळ फाइलसह पीडीएफमध्येही ठेवा आणि मधल्या सुट्टीत सभागृहातल्याच संगणकावर एकदा उघडून बघा. फॉन्ट बिघडतो तो तिथेच.

खर्च परत मिळणार असेल तर प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. टॅक्सीच्या आणि जेवणाच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. जास्त उष्णतेने त्या काळवंडतात, काही दिवसांनी अक्षरं उडतात, आणि लेखा विभाग कोरा कागद घेत नाही. बोर्डिंग पासही टाकू नका, तोही मागतात.