गाडीतलं नेव्हिगेशन घ्यायचं की मोबाईलवरच भागवायचं? खानदेशात फिरणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात आमचा शालक जळगावला गाडी बुक करायला गेला आणि शोरूममधूनच फोन लावला, दाजी टॉप मॉडेलला कंपनीचं नेव्हिगेशन येतंय, मधल्या मॉडेलला नाही, पैशात फरक भरपूर आहे, काय करू? मी म्हटलं आज बुकिंग करू नको, संध्याकाळी घरी ये. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण धुळे-जळगाव-नंदुरबारकडे गाडी घेणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो आणि शोरूमवाला जे सांगतो ते सगळं पुण्या-मुंबईच्या रस्त्यांचं असतं.

आधी एक घोळ मिटवून घ्या. गाडीच्या स्क्रीनवर मॅप दिसला म्हणजे तो गाडीचाच असं नसतं. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असेल तर मॅप तुमच्या फोनातलाच असतो, फक्त मोठ्या स्क्रीनवर दिसतो. खरं गाडीतलं नेव्हिगेशन म्हणजे ज्याचा नकाशा गाडीच्या मेमरीत आहे किंवा गाडीच्या स्वतःच्या सिमवरून येतो, फोन घरी विसरलात तरी चालतं. शालकाला हा फरक शोरूममध्ये कोणी सांगितलाच नव्हता, त्याला वाटलं मधल्या मॉडेलला मॅप दिसणारच नाही.

दुसरं म्हणजे रेंज गेली की जीपीएस बंद पडतं असं खूप जण धरून चालतात, ते चूक आहे. जीपीएसचे सॅटेलाइट वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल पाठवत असतात, किमान चारांचा सिग्नल मिळाला की फोनला आपली जागा कळते, त्याला ना इंटरनेट लागतं ना रिचार्ज. इंटरनेट लागतं ते नकाशा आणायला आणि ट्रॅफिक कळायला. म्हणून सातपुड्यात काय होतं की निळा ठिपका पुढे सरकत असतो पण खाली रस्ताच नसतो, नुसती कोरी राखाडी स्क्रीन. तोरणमाळला जाताना आमचं हेच झालं, शहादा सोडलं, म्हसावदपर्यंत ठीक होतं, पुढे घाटाकडे रेंज गेली आणि मॅप कोरा, मागे पोरं विचारतायत किती राहिलं आणि सांगायला काही नाही. त्या दिवसापासून मी ऑफलाइन मॅप टाकल्याशिवाय सातपुड्यात गाडी घालत नाही.

ते करायला पाच मिनिटं लागतात. घरच्या वायफायवर गुगल मॅप्स उघडा, वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर टच करा, ऑफलाइन मॅप्समध्ये जाऊन स्वतःचा मॅप निवडा आणि चौकोन ओढून ओढून इतका मोठा करा की नंदुरबारपासून रावेरपर्यंत आणि खाली चाळीसगावपर्यंत सगळं आत येईल, शहाद्यापुढचा डोंगरही आत घ्या. मोबाईलमधली थोडी जागा खातो पण खाऊ द्या. काही महिन्यांनी तो नकाशा एक्स्पायर होतो म्हणून ऑटो अपडेट चालू ठेवा. एवढं मात्र लक्षात असू द्या की ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही आणि पर्यायी रस्तेही सुचवत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स नावाचं एक फुकट ॲप आहे, ते तर पूर्ण ऑफलाइनच चालतं, मी दुसरं म्हणून ते पण ठेवतो.

आता गाडीतल्या नेव्हिगेशनच्या बाजूनेही बोलतो, कारण ते अगदीच फालतू आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. काचेला चिकटवलेला फोन, वरून ऊन, खाली चार्जिंग, त्यात मॅप चालू. मागच्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या पुढे माझ्या फोनचा ब्राइटनेस आधी आपोआप कमी झाला, मग स्क्रीनवर फोन खूप तापलाय असा मेसेज आला आणि मॅप बंद. हात लावला तर तव्यावरून भाकरी उचलावी तसा चटका. गाडीची स्क्रीन अशा उन्हाच्या हिशोबाने बनवलेली असते म्हणून ती टिकते. उपाय सोपा आहे, होल्डर काचेवर नको, एसीच्या जाळीला अडकवायचा घ्या, गार हवा थेट फोनच्या पाठीला लागते. अँड्रॉइड ऑटो असेल तर फोन सावलीत खालच्या खणात ठेवा आणि वायरने जोडा, वायरलेसवर फोन जास्त तापतो.

गाडीवाल्या नेव्हिगेशनचा आणखी एक फायदा म्हणजे चांगल्या सिस्टीममध्ये चाकांच्या फिरण्यावरून आणि वळणांवरून हिशोब होतो, त्यामुळे सिग्नल गेला तरी बाण पुढे सरकत राहतो. मुंबईला जाताना इगतपुरीला समृद्धीवर चढलात तर तिथे जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात फोनचा ठिपका भरकटू शकतो. पण बोगद्यात वळायचं कुठे असतं, सरळच जायचंय, त्यामुळे तेवढ्यासाठी पैसे घालणं मला पटत नाही.

आणि त्याचा मोठा तोटा म्हणजे नकाशा जुना होतो. पाळधी ते तरसोद हा जळगावचा नवीन बायपासच घ्या, ज्या गाडीतला नकाशा चार-पाच वर्षांपूर्वीचा आहे तिच्या स्क्रीनवर तुम्ही सरळ शेतातून चाललेले दिसता आणि ती बाई सारखी यू टर्न घ्या यू टर्न घ्या सांगत राहते. म्हणून शोरूममध्ये हे विचाराच: अपडेट किती वर्षं फुकट, ते घरी पेनड्राइव्हने होतं की सर्व्हिस सेंटरला जावं लागतं, आणि सिमवालं असेल तर फुकटची मुदत संपल्यावर वर्षाला किती भरायचे. माझ्या एका मित्राने ती मुदत संपल्यावर पैसे भरलेच नाहीत, आता त्याच्या त्या मोठ्या स्क्रीनवर नुसती गाणी वाजतात.

गावांच्या नावांचा त्रास तर विचारू नका. पिंपळगाव टाकलं तर हरेश्वराचं, पाचोऱ्याजवळचं, की बसवंत, नाशिककडचं? शिरपूर आपलं धुळ्याचं आणि शिरपूर जैन वाशिमकडे, जळगाव म्हटलं तर बुलढाण्यात जळगाव जामोद आहेच. त्यामुळे नाव टाकून लगेच निघू नका, आधी किलोमीटर बघा, आकडा विचित्र वाटला तर गाव चुकलंय. लग्नाला जायचं असेल तर सरळ यजमानाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा, मंडपात उभं राहून पाठवा म्हणावं. इथे फोन सरळ जिंकतो कारण ते लोकेशन टच केलं की रस्ता चालू, गाडीतल्या जुन्या सिस्टीमवर तेच एकेक अक्षर टाईप करत बसावं लागतं.

फोनवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. गुगल मॅप्समध्ये डिसेंबर २०१७ पासून भारतात टू-व्हीलरचा मोड आहे, आणि घरात पोरगं बाईकवर तोच फोन वापरत असेल तर तो मोड तसाच राहून जातो. मग कार घेऊन तुम्ही कपाशीच्या दोन शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेवर, पुढे जाता येत नाही न मागे वळता येत नाही. निघताना वर कारचं चित्र निवडलंय ना ते बघा.

पावसाळ्यात मात्र फोन काय आणि गाडी काय, दोन्हीवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. आपल्याकडे पांझरा, अनेर, गिरणेवर आणि कितीतरी नाल्यांवर फरशी पूल आहेत, मॅपला तो रस्ताच दिसतो, त्यावरून पाणी चाललंय हे दिसत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता, असल्या वेळी मेमरीतला नकाशा तुम्हाला चाळीसगावहून सरळ घाटातच पाठवणार. इंटरनेटवाला मॅप बंद रस्ता दाखवू शकतो, पण तोही कोणीतरी कळवल्यावरच. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले, पुलाचा पुढचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता. ती बातमी वाचल्यापासून मी पावसात पूल आला की थांबतो. अमळनेरकडून येताना एका फाट्यावर चहावाल्या बाबांनी हात करून सांगितलं, "भाऊ, तथा नका जावू, फरशीवर पानी शे." मॅपवर रस्ता निळा स्वच्छ दिसत होता. मी गाडी वळवली, अर्धा तास जास्त लागला.

कायद्याचंही सांगून ठेवतो, १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणून फोन मांडीवर नको, होल्डरमध्येच, आणि ठिकाण गाडी हलायच्या आधी टाका. आवाज मराठीत करून ठेवा, घरातल्या मोठ्या माणसांनाही कळतं आणि सारखं स्क्रीनकडे बघावं लागत नाही.

तर शालकाला मी म्हटलं, नुसत्या नेव्हिगेशनसाठी टॉप मॉडेल घेऊ नको, अँड्रॉइड ऑटो असलेलं मधलं घे. त्याचं काम जळगाव-धुळे-नाशिक असं हायवेचंच आहे. हाच तो धडगाव-मोलगीकडे रोज फिरणारा असता, किंवा त्याचा फोन जुना, लवकर तापणारा असता, तर मी गाडीतलं घे म्हटलं असतं, पण मेमरीत नकाशा असलेलं, सिमवर चालणारं नाही, कारण जिथे फोनला रेंज नाही तिथे गाडीच्या सिमलाही बहुतेक नसणार. आणि टेस्ट ड्राइव्हला बसलास की शोरूमवाल्याला त्यात तुझ्या सासरवाडीचं नाव टाकायला सांग. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच टाकून बघितलं, गाव यादीत आलंच नाही. मधलं मॉडेल बुक केलं, उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि एसीच्या जाळीचा होल्डर घेतला, आणि ऑफलाइन मॅप मी माझ्या हाताने टाकून दिला.