लेकराला सुई टोचताना या चुका टाळा

“मुंगी चावल्यासारखं होईल” हे वाक्य फार महागात पडतं. सुई मुंगीपेक्षा जास्त दुखते हे मुलाला तिथल्या तिथे कळतं, आणि पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या पायरीवरच फतकल मारतं. “टोचेल, दुखेल, दहा मोजेपर्यंत संपेल” एवढं खरं सांगा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ऐन वेळी, शाळकरी मुलाला आदल्या दिवशी. घरी “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील” म्हणत असाल, तर आधी ते बंद करा.

दुसरी चूक म्हणजे टेबलावर आडवं पाडून चौघांनी दाबून धरणं. त्याने मूल आणखी बिथरतं. मांडीवर छातीशी कवटाळून बसवा, पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेखालून मागे. टोचायचा हात तेवढा बाहेर राहू द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र टोचण्याच्या जरा आधी पाजायला घ्या आणि नंतरही पाजत राहा. एका वेळी अनेक लसी असतील तर तोंडावाटेची आधी आणि सगळ्यात झोंबणारी शेवटी द्या, असं सिस्टरना सांगायला लाजू नका.

बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेन मलम “लागूच पडलं नाही” ही तक्रार नेहमीची. बहुतेकदा ते बामासारखं चोळलेलं असतं. ते चोळायचं नसतं. जाड थर देऊन वर प्लास्टिकची पट्टी लावायची आणि किमान एक तास थांबायचं. तान्ह्या बाळाला किती लावायचं हे डॉक्टरांनाच विचारा, जास्त झालं तर रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला नेलेल्या मुलाचे हात गारठलेले असतात. शिरा आकसतात आणि दोन-दोनदा टोचावं लागतं. स्वेटर, हातमोजे घालूनच न्या आणि पोहोचल्यावर हात कोमट पाण्यात पाचेक मिनिटं धरा. पाणी प्यायलेलं चालेल का ते आदल्या दिवशी लॅबला विचारून ठेवा. स्पिरिट वाळू द्या. ओल्यावर टोचलं की जास्त चुरचुरतं.

टोचताना “घाबरू नकोस, काही नाही होत” याचा जप नको, त्यातून तुमचीच धास्ती पोचते. साबणाचे फुगे फुंकायला द्या. मोबाइल दाखवायचाच तर कापूस लावण्याआधी सुरू करा, किंचाळी फुटल्यावर नाही.

बारा-तेरा वर्षांची मुलं रडत नाहीत, पण चक्कर येऊन पडतात. आधी कधी आली असेल तर आडवं झोपवूनच टोचायला सांगा, आणि नंतर पंधरा मिनिटं जिना उतरू देऊ नका.